शोभाच्या नावाने आलेलं रक्त

रक्त काढणाऱ्या बाईला दिवाळीच्या अंकात लिहायला सांगतील असं मला कधी वाटलं नव्हतं. लोकांना आमची आठवण होते ती उपाशीपोटी, आणि तीही काही प्रेमाने नाही. संपादक फोनवर म्हणाले, मॅडम, गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, की ज्या गोष्टीने माझं डोकं सगळ्यात जास्त पोखरलं ती गमतीत बसत नाही. दुःखात घालावी तर तिथेही नीट बसत नाही. ती कशात बसते तेच मला अजून कळलेलं नाही, म्हणून तीच सांगते.

श्रीगोंद्याला एका दवाखान्याच्या माडीवर आमची लॅब. सगळा जन्म मी तिथे काढला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. काम बाहेरून अगदी सोपं दिसतं. दंडाला पट्टा बांधायचा, पेशंटला मूठ वळायला सांगायची, शीर चाचपायची, सुई घालायची, नळीत रक्त यायला लागलं की पट्टा सोडायचा आणि म्हणायचं, 'आता मूठ उघडा.' मग कापूस दाबून धरायला लावायचा. साध्या तपासण्या आम्ही तिथेच करायचो, मोठ्या तपासण्यांच्या नळ्या बर्फाच्या डब्यातून पुण्याला जायच्या. सोपं एवढंच. पण म्हाताऱ्या बाईच्या हाताची पळपुटी शीर एका टोचणीत पकडून दाखवा, मग बोलू. मी पकडायचे. ह्यात मी नम्रपणा करणार नाही, कारण तालुक्यात माझ्याइतका हलका हात कुणाचा नव्हता आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ह्या कामात एक खोड लागते. मला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, हाताने राहतात. बाजारात कुणी 'ओळखलं का मॅडम' म्हणून हसत उभं राहिलं की मी आधी त्याच्या कोपराच्या खोबणीकडे बघते. माझे मिस्टर ह्यावरून मला आयुष्यभर चिडवत आले.

महिन्यातून दोनदा पुण्याहून एक डॉक्टर यायचे. पाटीवर त्यांच्या शाखेचं लांबलचक नाव होतं, पण गावात त्यांना सांधेवाले डॉक्टर म्हणत. त्यांच्याकडे नुसते सांधे नव्हते. आपल्या अंगात रोगजंतूंना हुसकणारी जी शक्ती असते ती कधी कधी फिरते आणि आपल्याच अंगावर उलटते. राखणीला ठेवलेलं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं, तसलं. कुणाचे सांधे धरते, कुणाची कातडी, कुणाची थायरॉईडची गाठ, कुणाची मूत्रपिंडं. मी स्वतः रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेते ती ह्याच कारणाने. माझ्या आईला नव्हतं, बहिणीला नाही. मला का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'तुम्ही पण?'

कारण 'का' हा प्रश्न त्यांच्या खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस विचारायचा. आणि प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर तयार असायचं. कुणी म्हणे वांगं खाल्लं म्हणून, कुणी म्हणे कुणी काही करून घातलं म्हणून, एका निवृत्त मास्तरांची पक्की खात्री होती की विंधन विहिरीच्या पाण्याने. काष्टीच्या जनावरांच्या बाजारातले एक दलाल होते. त्यांचे सांधे धरले होते आणि रक्तातला एक आकडा चढा यायचा. जनावराचा सौदा ते टॉवेलाखाली बोटं दाबून करत. रिपोर्ट बघितल्यावर त्यांनी माझ्या हातावर टॉवेल टाकला, खालून माझी दोन बोटं दाबली आणि गंभीरपणे म्हणाले, 'हितं बसवा मॅडम. तुमचं बी ऱ्हाऊ द्या, माझं बी ऱ्हाऊ द्या.' मी हात काढून घेतला. ते मनापासून नाराज झाले, कारण एवढी वर्षं येऊनही मी एकदासुद्धा आकडा कमी केला नाही.

तर शोभा. काष्टीच्या एका बागायतदार घरातली सून, तिशी ओलांडलेली, मूल नाही. गालांवर लाली घेऊन आली, नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. बोटं सुजलेली, केस गळत होते, लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टरांनी ल्युपस म्हणून निदान केलं. हा आजार ऊन लागलं की चाळवतो आणि मूत्रपिंडावर गेला तर जिवाशी खेळतो. स्टिरॉइड सुरू झालं, तिचा चेहरा फुगून गोल झाला. तिच्या शिरा मुळातच बारीक, त्यात सारख्या टोचण्या. तिच्या डाव्या हाताला मी शेवटी टोचणंच सोडून दिलं.

तिच्याबरोबर एकदा तिची बहीण आली, प्रभा. मी शोभाचा हात धरून बसले होते, मान वर केली तर समोर दुसरी शोभा उभी. आजाराच्या आधीची, लाली नसलेली, गाल बसलेले. दोघी जुळ्या, अगदी एका वेलाच्या, प्रभा काही मिनिटांनी धाकटी. माहेर कर्जतच्या पलीकडे, कोरडवाहू. प्रभाला तिकडेच आणखी पुढे दिली होती आणि ती नवऱ्याबरोबर दर हंगामाला ऊसतोडीला जायची. सहा महिने फडावर, खोपीत. पहाटेचं दव, दुपारचं ऊन, डोक्यावर मोळी.

आणि आजार झाला होता तो शोभाला. जिच्या घरी पाण्याचा पाट होता, पंखा होता, दुधाची गाय होती, तिला. मला हे पटेचना. उलटं असतं तर मी मान हलवून म्हटलं असतं, बिचारी राबते, उन्हात मरते, झालं असेल. आम्ही बाहेरचे लोक असंच कारण लावतो आणि मोकळे होतो. इथे लावायला कारणच सापडेना.

शोभाच्या सासूबाई मात्र स्पष्ट बोलायच्या. बाई वाईट नव्हत्या, सुनेच्या गोळ्यांच्या वेळा त्यांना शोभापेक्षा पाठ होत्या. पण मनात एक सल घेऊन बसल्या होत्या. बघायला गेले होते तेव्हा घरात दोन मुली लग्नाच्या. दोन्ही सारख्याच, कुठलीही चालली असती. चहा शोभा घेऊन आली म्हणून शोभाला पसंत केलं. हे त्यांनी मला, मी पट्टा बांधत असताना, शोभाच्या समोर सांगितलं. पुढे म्हणाल्या, 'तवा धाकली चहा घिऊन आली आसती तर? हिला न्हाई म्हनत मी काय. पन आपलं मन इचारतं.' शोभा भिंतीकडे बघत होती. मला त्या म्हातारीचा राग आला आणि घरी गेल्यावर कळलं की तिचाच प्रश्न मी पण डोक्यात घेऊन आले आहे. प्रभा त्या घरात आली असती तर ल्युपस प्रभाला झाला असता का? आणि शोभा फडावर गेली असती तर वाचली असती का? आजार तिच्या रक्तातला, का त्या घरातला?

डॉक्टरांना मी एका दुपारी, पेशंट संपल्यावर, हा चहाचा प्रश्न विचारला. त्यांना तो फार आवडला. म्हणाले, जुळ्यांमुळेच तर ह्या आजारांबद्दल खरं काही कळायला लागलं. एकाच बीजाच्या जुळ्यांची जनुकं सारखी. मग एकीला होतो आणि दुसरीला होत नाही, हे कसं? तर जनुकं असणं वेगळं आणि ती चालू असणं वेगळं. जनुकांवर बारीक बारीक रासायनिक खुणा असतात. त्या खुणा कुठलं जनुक बोलेल आणि कुठलं गप्प राहील ते ठरवतात. जन्मभर त्या बदलत राहतात. ऊन, धूर, जंतूंचा ताप, बाळंतपण, काही औषधं, मनावरचा ताण, कशाकशाने. ल्युपसमध्ये राखणीच्या पेशींवरच्या काही खुणा गळून पडलेल्या सापडतात. जे गप्प असायला हवं ते बोलायला लागतं. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, तेही ह्यामुळे असावं असं म्हणतात. बायकांच्या पेशीत एक्स गुणसूत्र दोन, त्यातलं एक बंद ठेवलेलं असतं, ते पुरतं बंद राहत नाही. ह्या सगळ्याला एपिजेनेटिक्स म्हणतात, असं ते म्हणाले आणि मला विजेच्या बटणांचं उदाहरण दिलं.

मी श्रीगोंद्याच्या पाटावरच्या घरातली मुलगी. मला बटणांपेक्षा दुसरंच दिसलं. उसाला पाणी देताना पाटाचं पाणी सरीसरीत फिरवावं लागतं. ह्या सरीच्या तोंडाशी माती ओढून ते बंद करायचं, पुढच्या सरीचं तोंड उघडायचं. आम्ही त्याला दारं धरणं म्हणतो. पाट तोच, पाणी तेच, रान तेच. पण एखाद्या बंद दाऱ्याची माती खचली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पाणी नको तिथे शिरतं आणि उभं पीक आडवं होतं. डॉक्टरांना म्हटलं, असं का? ते म्हणाले, अगदी असंच.

'मग शोभाची माती कशाने खचली?'

ते म्हणाले, 'ते नाही सांगता येत.'

मला वाटलं होतं, एवढं सगळं शास्त्र सांगून झाल्यावर शेवटी चहाच्या ट्रेचं उत्तर येईल. आलं ते एवढंच. तरीपण दाऱ्याची गोष्ट मला आवडली आणि मी ती येईल त्या पेशंटला सांगायला लागले. अर्धवट समजलेली गोष्ट सांगायला जास्त हुरूप येतो.

औषधांनी शोभा सावरली. स्टिरॉइड उतरलं तसा चेहरा पूर्वीसारखा झाला, लाली गेली. एकदा तिने डॉक्टरांना मुलाचं विचारलं. ते म्हणाले, आजार निजलेला असला पाहिजे, नुसतं बरं वाटून उपयोग नाही. काही महिने सगळे रिपोर्ट शांत आले तर चालणारी औषधं ठेवून आपण परवानगी देऊ. आजार जागा असताना दिवस गेले तर मूत्रपिंडं जातील, जीवही जाईल. हे त्यांनी तिला आणि नवऱ्याला समोर बसवून नीट सांगितलं. त्यानंतर शोभा दर तपासणीला यायची ती शाळेच्या निकालाला आल्यासारखी. महिन्यामागून महिना शांत येत गेला. शेवटची एक तपासणी राहिली.

त्या तपासणीला ती आली तेव्हा कारखान्यांचे पट्टे नुकतेच पडले होते, म्हणजे गाळप संपलं होतं, तोडीची माणसं गावोगाव परतत होती. सकाळची गर्दी होती. शोभाचं नाव पुकारलं, नेहमीची जांभळी साडी, हातभर बांगड्या, डोक्यावर पदर. लघवीची डबी आधीच भरून ठेवली होती. मी पट्टा बांधला, बोटाने चाचपलं आणि शीर टपकन वर आली, चांगली दोरीसारखी. मनात म्हटलं, वा, बाई सुधारली. सुई गेली, नळी सरसर भरली. मी खूष. पट्टा सोडला आणि सवयीने म्हटलं, 'आता मूठ उघडा.'

मूठ उघडली. तळव्याला घट्टे होते. कोयत्याच्या मुठीचे, आंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. मी बांगड्या वर सारल्या तर उसाच्या पाचटाने कापलेल्या पांढऱ्या रेघाच रेघा.

मी हळू आवाजात म्हटलं, 'प्रभा, शोभा कुठे आहे?'

तिने नाही म्हणून बघितलं नाही. कापूस दाबत म्हणाली, 'खाली लिंबापाशी बसलीया.'

बाहेरच्या बाकावर माणसं होती. मी दार लोटून घेतलं. मला राग आला होता आणि भीतीही वाटली होती, कारण मूठ उघडायला सांगायची सवय नसती तर ती नळी शोभाच्या नावाने पुण्याला गेली असती. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऐकत होती, जराही न वरमता. मग तिने सांगितलं. गेल्या आठवड्यात शोभाची बोटं सुजली, तोंडही आलं. शोभाने हाय खाल्ली की रिपोर्ट बिघडणार, डॉक्टर नाही म्हणणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं. प्रभा फडावरून आली ती थेट बहिणीकडे उतरली होती. तिनेच सुचवलं.

'आमच्यात काय नवं हाय ह्यात,' ती म्हणाली. 'शाळंत तिला गनित येत न्हवतं, फळ्याकडं मी जायाची. पाठ म्हनायला माझ्या जागी ती. मास्तरला कदी कळलं न्हाई. रगत तर आमचं एकच हाय. माझं चांगलं हाय, तर तिला दिलं म्हून काय बिघाडलं?'

तिने हे चोरी केल्यासारखं सांगितलं नाही. साखर उसनी द्यावी तसं सांगितलं. तिच्या लेखी ती खोटं बोलतच नव्हती. जुळ्या म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी, असं तिला जन्मापासून सगळ्यांनी सांगितलेलं. मग एकाने ताजा हात पुढे करायचा आणि दुसऱ्याचा सुजलेला हात मागे ठेवायचा, ह्यात फसवणूक कुठे आली?

मी तिला माझी दाऱ्याची गोष्ट सांगितली. फार जोरात सांगितली. तुमचं रक्त एक नाही, म्हटलं. पाट एक असेल, पण दारी वेगळी आहेत. तुझी बंद आहेत, तिची फुटलेली आहेत. तुझ्या रक्तावर तिला हो म्हटलं आणि तिचा आजार आतून जागा असला तर काय होईल माहीत आहे? आणि डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं.

प्रभाचा चेहरा तेव्हा बदलला. ती खुर्चीवर बसली. तिला एवढंच ठाऊक होतं की रिपोर्ट चांगला लागतो. सरकारी कामाला दाखला लागतो तसा. 'मला वाटलं कागुद बरा दिसला की डॉक्टर हो म्हनत्याल,' ती म्हणाली. 'ती मरंल आसं न्हवतं वाटलं.' मग तिने स्वतःच खिडकीतून हाक मारून शोभाला वर बोलावलं.

शोभा आली, खुर्चीत बसली आणि हात पुढे केला. त्या दिवशी तिची शीर मला कोपरात मिळाली नाही. शेवटी हाताच्या पाठीवरून बारीक सुईने काढलं. दोन्ही नळ्या स्टँडमध्ये शेजारी उभ्या होत्या. प्रभा वाकून बघत म्हणाली, 'बगा की. हाय का कुटं फरक?'

बघून काही फरक नव्हता. मी खालच्या डॉक्टरांकडून सांधेवाल्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. मग म्हणाले, प्रभाचं रक्त काढलंच आहे तर टाकू नका. तिची हरकत नसेल तर तिच्या स्वतःच्या नावाने सगळ्या तपासण्या करू, जुळी बहीण आहे, बघितलेलं बरं. प्रभाला विचारलं. ती म्हणाली, 'करा की. माझं चांगलंच येनार.'

ते आठ-दहा दिवस मी घरी धड जेवले नाही. मिस्टर म्हणाले, तुझ्या घरचं कुणी आहे का ते? नव्हतं कुणी. पण मला शोभाचं डोक्यातून जात नव्हतं. आजार जागा निघाला तर तिला मूल नाही, हे मला कळत होतं, आणि निजलेला निघाला तरी मला भीती वाटणार होती.

डॉक्टरांच्या पुढच्या फेरीला दोघी बहिणी आल्या, बरोबर शोभाचे मिस्टर आणि सासूबाई. डॉक्टरांनी मलाही खोलीत बोलावून घेतलं. आधी शोभाचा कागद उघडला. लघवी स्वच्छ. रक्तातले आजाराचे आकडे शांत. बोटं आणि तोंड त्यांनी तपासलं. आजाराचं काही दिसत नाही म्हणाले. मग बोटं का सुजली होती, असं शोभाच्या मिस्टरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते आज मला सांगता येणार नाही, पण ल्युपसने नाही. म्हणजे तिने फुकट धास्ती घेतली होती. तिचं रक्त तिनेच दिलं असतं तरी चाललं असतं.

सासूबाईंनी हात जोडले. शोभा रडायला लागली. डॉक्टरांनी दुसरा कागद उघडला आणि वाचता वाचता त्यांचा वेग कमी झाला. मी खांद्यावरून बघितलं. प्रभाची लघवी स्वच्छ, मूत्रपिंडं उत्तम, बाकीचं सगळं उत्तम. आणि रक्तातली एक खूण, जनुकांवरची नव्हे, आपल्याच पेशींवर उठणाऱ्या प्रतिद्रव्याची, जिच्यावरून शोभाच्या आजाराचा पहिला संशय आला होता, ती प्रभाच्या रक्तात होती. थोडीथोडकी नाही, चांगली ठळक.

डॉक्टरांनी तिला सावकाश समजावलं. तुला आजार नाही. अशी खूण पुष्कळ धडधाकट माणसांत सापडते आणि जन्मभर काही होत नाही. तुझ्या बाबतीत बहिणीमुळे लक्ष ठेवायचं. वर्षातून एकदा तपासायचं, अंगावर लाली किंवा सूज आली तर लगेच यायचं, मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि उन्हात फिरायचं नाही.

शेवटचं वाक्य बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. प्रभा हसली. 'उसाच्या फडात सावली कुटं आस्ती डॉक्टर,' ती म्हणाली. मग तिने टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं, आता विचारणार, मला कधी होणार, किंवा मला का झालं नाही. तिने ते विचारलंच नाही. बहिणीकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, 'म्हंजी मी तुला द्यायला आल्ते ते बी तसलंच हुतं व्हय गं.'

तिला भीती वाटत नव्हती. तिला लाज वाटत होती. चांगलं म्हणून आणलेलं वाण खराब निघावं, तशी. मला ते बघवलं नाही.

शोभाने पदराने डोळे पुसले आणि तिचा घट्टे पडलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. म्हणाली, 'मंग एकच हाय की आपलं रगत.'

दोघी हसायला लागल्या, रडता रडता. सासूबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. कुठली चहा घेऊन आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांनी त्या दिवसानंतर माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. आणि मी भिंतीला टेकून उभी होते. ह्याच प्रभाला मी आठ-दहा दिवसांपूर्वी दरडावून सांगितलं होतं की तुमचं रक्त एक नाही. मी खोटं बोलले होते का? नाही. त्या दोघी चुकीचं बोलत होत्या का? तेही नाही. जिला बरं नाही तिचं रक्त शांत, जी धडधाकट तिच्या रक्तात खूण, आणि जिला उन्हाची मनाई ती उन्हात, जिला आजार झाला ती सावलीत. ज्या गोष्टीचा मला एवढा अभिमान होता, त्या माझ्या दाऱ्याच्या गोष्टीत मी स्वतःच चिखलात रुतून बसले.

शोभाला दिवस गेले. ते महिने मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणापेक्षा जड गेले. महिन्याला रक्त, महिन्याला लघवी, प्रत्येक वेळी हाताच्या पाठीवरून. शेवटी नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच येतं, मुलगी झाली. जराशी लवकर, पण चांगली रडणारी. शोभा नीट आहे. सासूबाई नातीला घेऊन लॅबमध्ये पेढे द्यायला आल्या आणि दुपट्यातल्या तिच्या गालाकडे बोट करून त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, 'आजी, आत्ता काही बघायचं नाही.' त्या म्हणाल्या, 'बरं.' पण पेढा देताना त्यांचा हात माझ्या हातावर थोडा जास्त वेळ राहिला.

प्रभा अजून ऊसतोडीला जाते. शोभाने तिला नवऱ्याचे दोन पूर्ण बाह्यांचे सदरे दिले, फडावर साडीवरून घालायला, आणि उन्हासाठी आपण लावते त्या मलमाची नळी. पुढच्या हंगामानंतर भेटली तेव्हा मी विचारलं, मलम लावतेस ना? म्हणाली, टाचांना लावते, लई गुण हाय त्याला. मी तिच्यावर ओरडले, मग दोघी हसलो.

दर वर्षी पट्टा पडला की ती काष्टीला बहिणीकडे उतरते आणि दुसऱ्या दिवशी माडीवर येते, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या साडीत. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात तिचं शेवटचं रक्त मी काढलं. शीर तशीच, दोरीसारखी. रिपोर्ट न्यायला ती शोभाच्या मुलीला कडेवर घेऊन आली. लघवी स्वच्छ होती, मूत्रपिंडं उत्तम होती, आणि ती खूण होती तिथेच होती. मी कागद वाचून दाखवायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. आकडे नकोत म्हणाली.

'तेवढं सांगा मॅडम. दारं बंद हाय ना?'

मी एवढ्या वर्षांत कुणाला आकडा कमी करून सांगितला नव्हता, वाढवूनही नाही. तिला काय सांगावं मला कळेना. शेवटी म्हटलं, 'आज तरी बंद आहे.'

'मी आजचंच इचारलं,' ती म्हणाली, आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन जिना उतरायला लागली.